सोळाव्या वर्षी सोडलेलं गणित

अकरावी कॉमर्सचा फॉर्म भरताना मुंबईतल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो: मॅथ्स घ्यायचं की एसपी? इंग्रजी, इकॉनॉमिक्स, बीके (बुक-कीपिंग), ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) हे ठरलेलंच असतं. खरी निवड करायची ती याच जागी, गणित की सेक्रेटरियल प्रॅक्टिस. वरच्या मजल्यावरची ताई सांगते, 'एसपी घे, स्कोअरिंग आहे.' क्लासवाले तेच सांगतात. दहावीला गणितात पन्नासच्या आत पडलेले असतील तर कुणी सांगायचीही गरज उरत नाही. पाच मिनिटांत निर्णय होतो आणि वडील सायबरवाल्याला म्हणतात, 'एसपी टाका.' आर्ट्सच्या मुलांना तर बहुतेकदा हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

मुलगा किंवा मुलगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असते. आपल्याला पुढे काय करायचं आहे हे त्या वयात माहीत नसतं आणि माहीत असावं अशी अपेक्षाही नाही. पण व्यवस्था तो निर्णय कायमचा धरून चालते. बारावीला गणित नसेल तर मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीचा रस्ता बंद. एमसीएला जायचं तर बारावीला किंवा पदवीला कुठेतरी गणित झालेलं असावं, अशी अट वर्षानुवर्षं राहिली आहे. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांतला एक संपूर्ण पेपर 'क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड'चा असतो. त्यातले ४० गुण व्यावसायिक गणिताचे, ४० संख्याशास्त्राचे, वर चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. बँकांच्या परीक्षा, एमबीएच्या सीईटी, स्पर्धा परीक्षांचा सीसॅट, सगळीकडे गणित कोपऱ्यात दबा धरून बसलेलं असतं. टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, पोचलेल्या मुलांना हे एकेक करून कळत जातं. मग ती क्लास लावतात आणि तिथे शॉर्टकट शिकतात. ते शॉर्टकट ज्यावर उभे आहेत ते बीजगणित त्यांच्याकडे नसतंच, त्यामुळे प्रश्न जरा वेगळ्या अंगाने आला की सगळं कोसळतं.

माझं म्हणणं साधं आहे. मुंबईतल्या प्रत्येक आर्ट्स आणि कॉमर्स कॉलेजात पहिल्या वर्षाला प्राथमिक बीजगणिताचा एक कोर्स असावा. दहावीनंतर गणित सोडलेल्यांसाठी, पायापासून शिकवणारा, पूर्ण क्रेडिटचा. आणि तो सक्तीचा नसावा. या शेवटच्या अटीवरच बरेच वाद आहेत, त्यामुळे तिच्याकडे जरा सावकाश येतो.

आधी सक्तीने काय झालं ते पाहू. नवं शैक्षणिक धोरण लागू होईपर्यंत मुंबई विद्यापीठाच्या एफवाय (पहिल्या वर्षाच्या) बीकॉमला 'मॅथमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स' हा विषय सगळ्यांना होता. म्हणजे ज्या मुलीने एसपी घेऊन दोन वर्षं गणिताचं तोंड पाहिलं नव्हतं, तिच्यासमोर एकदम शेअर्स आणि म्युच्युअल फंड, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग. पुढच्या सेमिस्टरला फंक्शन्स, डेरिव्हेटिव्ह, ॲन्युइटी. वाईट विषय नव्हता तो. यादी म्हणून पाहिली तर उत्तमच होती. पण ती यादी ज्या मुलांसाठी होती ती मुलं वर्गात नव्हती. वर्गात होती ती सकाळी सातचं लेक्चर आटपून दुपारी कुठल्याशा ऑफिसात किंवा मॉलमध्ये कामाला जाणारी, दहावीचं गणित कसंबसं पार केलेली मुलं. त्यांनी त्यांच्या परीने उपाय शोधला: तीन प्रकारची गणितं पाठ करायची, स्टॅटच्या भागात गुण काढायचे, उरलेलं सोडून द्यायचं. ज्यांना तेही जमलं नाही त्यांना केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागली. 'माझी सगळी क्लिअर आहेत, फक्त मॅथ्सची एक केटी आहे,' हे वाक्य मुंबईच्या कॉमर्स कॉलेजांत शिकवणाऱ्या कुणालाही नवं नाही.

डेरिव्हेटिव्ह चुकणारा मुलगा डेरिव्हेटिव्हमुळे चुकत नाही, हे गणित शिकवणारे सगळे जाणतात. मी फळ्यावर '३क्ष = १२' लिहितो आणि क्ष किती ते विचारतो. बरीच मुलं चार म्हणतात, कारण तिनाचा पाढा आठवतो. मग '३क्ष + ५ = २०' लिहितो. आता पाढ्याने भागत नाही. पाच पलीकडे जातात, वजा होतात, पंधरा उरतात. इथवर ठीक. आणि मग एखादी हुशार मुलगी बारा हे उत्तर देते. का विचारलं तर सांगते, 'सर, पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं ना? तीन पलीकडे गेले, वजा झाले. पंधरातून तीन गेले, बारा.' तिने शाळेत शिकलेला नियम अगदी प्रामाणिकपणे वापरला आहे. ३क्ष मध्ये तीन आणि क्ष यांचा गुणाकार आहे, तो सोडवायचा तर दोन्ही बाजूंना तिनाने भागायला हवं, आणि 'पलीकडे जाणं' असं काही गणितात नसतंच, दोन्ही बाजूंना एकच क्रिया करणं एवढंच असतं, हे तिला दहा वर्षांच्या शाळेत कुणी थांबून सांगितलेलं नाही. ते एका तासात सांगता येतं. पण एफवायच्या शंभर-सव्वाशेच्या वर्गात, सोमवारपासून लिनिअर प्रोग्रॅमिंग सुरू करायचं असताना, तो एक तास आणायचा कुठून?

शाळेला दोष देणं सोपं आहे, पण शाळेचा अभ्यासक्रम मुळीच टाकाऊ नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणं आहेत, वर्गसमीकरणं आहेत, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी आहे. जीएसटी आणि शेअर्सही त्यातच येतात. पदवीच्या कोणत्याही मुलाला एवढं नीट आलं तर आणखी काय हवं? प्रश्न गुणांच्या रचनेत आहे. ४० गुण भाग १ ला, ४० भाग २ ला, २० अंतर्गत. अंतर्गत गुण कसे दिले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते २० हातात आले की उत्तीर्ण व्हायला लेखीत ८० पैकी थोडेच गुण पुरतात, आणि ते भूमितीच्या आकृत्या आणि एक-दोन ठरलेली उदाहरणं यांतूनही जमतात. म्हणजे बीजगणित अजिबात न येता गणितात उत्तीर्ण होता येतं, आणि होणारे होतात. त्यात मुलांचं काही चुकत नाही. दार उघडं आहे त्यातून ती जातात.

'पण लागतं कुणाला?' हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो, पालकांकडूनही. त्याचं उत्तर म्हणून मी सहसा कर्जाचं उदाहरण देतो. दुचाकी किंवा फ्रिज घ्यायला गेलं की फायनान्सवाला माणूस सांगतो: एक लाखाला दहा टक्के फ्लॅट, दोन वर्षं, महिना फक्त पाच हजार. हिशेब तोंडी जमतो. वर्षाचे दहा हजार, दोन वर्षांचे वीस, एकूण एक लाख वीस हजार, भागिले चोवीस, बरोबर पाच हजार. अंकगणित अगदी चोख. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं. बारा हप्ते भरून झाल्यावर कर्ज जेमतेम पंचावन्न हजारांच्या आत उरलेलं असतं आणि व्याज मात्र अजून पूर्ण लाखावर चाललेलं असतं. महिन्याचा खरा दर क्ष मानून समीकरण मांडलं, तर क्ष येतो दीड टक्क्याच्या किंचित वर, म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांच्या आसपास. दहा म्हणून सांगितलेलं अठरा निघालं. हे समीकरण हाताने सरळ सुटत नाही. एक्सेलमध्ये क्षच्या जागी निरनिराळे आकडे घालून जुळवून पाहावं लागतं. पण ते मांडता यावं लागतं. ज्याला माहीत नाही ती संख्या अक्षराने लिहून तिच्याभोवती माहीत असलेल्या गोष्टी रचायच्या, ही सवय अंकगणिताने लागत नाही.

यावर कुणी म्हणतं, ईएमआयचं कॅल्क्युलेटर मोबाइलवर आहे, आता तर एआयला विचारलं की झालं. हो, झालं. पण फ्लॅट आणि घटत्या मुद्दलाचा दर यांत फरक असतो अशी शंका ज्याला येते तोच ते विचारणार.

अमेरिकेत या विषयावर आपल्या कितीतरी आधी आणि कितीतरी जोरात भांडणं झाली. तिथे 'कॉलेज अल्जिब्रा' हा पदवीच्या सुरुवातीचा कोर्स, आणि त्याच्याही खाली, शाळेचं गणित कच्चं राहिलेल्यांसाठी बिनक्रेडिटचे उजळणी कोर्स. मूळ कल्पना भल्याची होती. प्रत्यक्षात मुलं एका उजळणीतून दुसऱ्या उजळणीत अडकली, पैसे आणि वर्षं गेली, क्रेडिट एकही नाही, आणि मोठ्या संख्येने मुलं कॉलेजच सोडून गेली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या सरकारी कॉलेजांत) २०१३ मध्ये याची सरळ परीक्षा घेतली गेली. उजळणीच्या बीजगणिताला पाठवायच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्याला नेहमीचं बीजगणित, दुसऱ्याला तेच बीजगणित आणि जोडीला दर आठवड्याची कार्यशाळा, तिसऱ्याला उजळणी वगळून थेट पदवीचा संख्याशास्त्राचा क्रेडिट कोर्स आणि कार्यशाळा. उत्तीर्ण झाले अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के. कॅलिफोर्नियाने तर २०१७ मध्ये कायदाच केला की कम्युनिटी कॉलेजांनी सरसकट मुलांना उजळणीच्या कोर्सांत ढकलू नये.

हे आकडे माझ्या मागणीच्या विरोधात जातात असं कुणी म्हणेल. काही अंशी जातातही. ज्या मुलीला समाजशास्त्र किंवा इतिहास करायचा आहे तिला बीजगणितापेक्षा संख्याशास्त्र अधिक कामाचं आहे, हे मी विनातक्रार मान्य करतो. तिच्या गळ्यात वर्गसमीकरण बांधू नये. म्हणूनच सक्ती नको. पण या प्रयोगातून आणखी दोन गोष्टी दिसतात, आणि आपल्याकडे चर्चा करताना त्या गळतात. क्रेडिट नसलेला कोर्स मुलं मनावर घेत नाहीत, आणि घ्यावा तरी का? दुसरं, तेच बीजगणित कार्यशाळेच्या जोडीने शिकवलं तेव्हा निकाल वर गेला. न्यूयॉर्कमध्ये बीजगणित ही चाळणी होती, ती ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. आपल्याकडे अडचण उलटी आहे. इथे कुणी चाळत नाही. सोळाव्या वर्षी बाहेर पडलेल्याला परत आत यायला वाटच ठेवलेली नाही.

२०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक प्रस्ताव मांडला गेला होता, तो आठवत असेल. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यायचं, मात्र पुढे गणित किंवा विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. त्यावर गदारोळ झाला, पण बहुतेक टीका २० या आकड्यावर झाली: दर्जा घसरला, गणिताचा खेळ केला, वगैरे. मला २० चा त्रास नाही. गणितात अडकला म्हणून एखाद्या मुलाची आयटीआय, स्वयंपाकाचं शिक्षण, चित्रकला अशी सगळीच दारं बंद व्हावीत हे क्रूर आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांविषयीच्या जनहित याचिकेवर सुनावणी करताना, दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का अशी विचारणा केली होती. माझा आक्षेप शेऱ्याला आहे. पंधराव्या वर्षी कागदावर 'याला गणित नाही' असं छापायचं, आणि ते पुसायची सोय कुठेच करायची नाही? सीबीएसईने २०२० पासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे गणिताचे दोन स्तर केले, तेव्हा बेसिक घेतलेल्याला अकरावीला गणित हवं असेल तर पुरवणी परीक्षेच्या वेळी स्टँडर्डचा पेपर देण्याची तरतूद ठेवली होती. परत येण्याची वाट अशी नियमातच लिहिलेली असावी लागते.

आणि आपल्याकडे ती लिहायला आज जागा आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नव्या धोरणाच्या आराखड्यात, जो राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला, ओपन इलेक्टिव्ह नावाचा कप्पा आहे. मुलाने आपल्या विद्याशाखेबाहेरचा विषय घ्यावा म्हणून तो केला आहे. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलाने विज्ञान शाखेतलं बीजगणित घेणं याहून त्या कप्प्याचा रास्त उपयोग कोणता? प्रत्यक्षात ओपन इलेक्टिव्हमध्ये काय दिलं जातं हे बहुतेकदा कुठल्या शिक्षकाचा वर्कलोड कमी पडतो आहे यावर ठरतं, हे आतल्या लोकांना सांगायला नको. त्याच आराखड्यात भारतीय ज्ञानप्रणालीला सक्तीचे क्रेडिट आहेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला ही माहिती परीक्षेत लिहून क्रेडिट मिळवता येतं. भास्कराचार्य ज्या रीतीने वर्गसमीकरण सोडवत ती रीत शिकूनही मिळायला हवं.

एका क्रेडिटला पंधरा तास, या हिशेबाने चार क्रेडिटचा कोर्स साठ तासांचा होतो. साठ तास पुष्कळ आहेत. पहिले दहा तास फक्त अपूर्णांक, ऋण संख्या आणि घातांक यांवर घालवावेत, आणि त्याची लाज शिक्षकालाही वाटू नये, मुलांनाही वाटू नये. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं लिहिणारी मुलं पदवीच्या वर्गात असतात. त्यांना हसून काही होत नाही. मग समीकरणं, पण दोन्ही बाजूंना तेच करण्याच्या पद्धतीने. मग आलेख. आलेखाला मी उपनगरातल्या रिक्षाचं मीटर घेईन. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला, आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मुलांना वाटतं, किमान भाडं म्हणजे काहीतरी वेगळा आकार आहे. दीडला १७.१४ ने गुणलं की २५.७१ येतात, म्हणजे जवळजवळ २६. रेषा शून्यापासूनच निघालेली आहे. फक्त दीड किलोमीटरच्या आत उतरणाऱ्याला ती लागू होत नाही. टॅक्सीचंही तसंच: दीड गुणिले २०.६६ म्हणजे ३०.९९, आणि किमान भाडं ३१. ज्या दिवशी हे वर्गात निघतं त्या दिवशी शेवटच्या बाकावरची मुलंही वाकून वहीत पाहतात. शेवटी चक्रवाढ, हप्ते, एक्सेल. वर्गसमीकरण आलं तर आलं, नाही आलं तरी आकाश कोसळत नाही. डेरिव्हेटिव्हचं नावही काढू नये.

शिकवणार कोण, हा प्रश्न खरा आहे. कॉमर्स कॉलेजांत गणिताच्या कायम जागा रिकाम्या राहतात आणि काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडे येतं. ती मंडळी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात लोकलने धावत तास घेतात. असा कोर्स सुरू करून तो सव्वाशेच्या तुकडीला आणि तासाच्या पैशांवर दिला, तर तो दोन वर्षांत अपेक्षित प्रश्नसंचाच्या पुस्तकात जाऊन बसेल, हे मी आजच लिहून देतो. तुकडी चाळीसच्या वर नको. आठवड्याचे चार तास असतील तर त्यातला एक कार्यशाळेचा असावा. मुलं फळ्याकडे पाहून उतरवून घेत बसत नाहीत, स्वतः सोडवतात आणि शिक्षक बाकांमधून फिरतो, असा. त्या तासाला एमएस्सीच्या मुलांना मानधन देऊन मदतीला घेता येईल. यासाठी पैसे लागतील आणि ते मोजावे लागतील. फुकटात होणारी सुधारणा सुचवायचा माझा इरादा नाही.

भाषेचंही बघावं लागेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने बीजगणित मराठीत शिकलेलं असतं, आणि मुंबईतली बहुतेक कॉलेजं इंग्रजीत शिकवतात. सोडवणं तेच असतं, पण प्रश्न वाचतानाच तो अडखळतो. या एका कोर्सला तरी प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत असावी.

राहता राहिली परीक्षा. यात केटी नको. मुलगा नापास झाला तर त्याला या कोर्सचं क्रेडिट मिळू नये, त्याने दुसरा ओपन इलेक्टिव्ह घ्यावा किंवा हाच पुन्हा घ्यावा, पण गुणपत्रिकेवर लाल खूण राहू नये. भीतीने सोडलेला विषय कुणी पुन्हा भीतीसाठी घेत नाही. उलट, जो उत्तीर्ण होईल त्याचा हा कोर्स 'पदवीला गणित झालेलं आहे' अशी अट असलेल्या प्रत्येक पुढच्या प्रवेशाला ग्राह्य धरला जावा. हे कॉलेजच्या हातात नाही. ते विद्यापीठाने आणि सीईटी कक्षाने लेखी द्यायला हवं, तेही जूनच्या आधी, कारण एफवायचा फॉर्म भरताना मुलं आणि पालक पाहणार ते एवढंच: हा विषय घेतला तर पुढे कुठे चालतो.